पाकिटातल्या चकाकीची पकड

वेफर्सचं पाकीट फाडताना कधी कधी त्याचे दोन पदर सुटतात आणि एका पदरावरची चकाकी तुकड्यातुकड्यांनी दुसऱ्याला चिकटून येते. ही चकाकी म्हणजे साधारण ३० ते ५० नॅनोमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा थर. प्राणवायू, बाष्प आणि प्रकाश तो अडवतो, म्हणून आतला तळलेला माल लवकर खवट होत नाही. थर सुटला की धातूला किंवा यंत्राला बोल लावला जातो. तपास व्हायला हवा तो धातूखालच्या प्लास्टिकच्या वरच्या काही नॅनोमीटरांचा; पकड जमते तिथेच आणि बहुतेकदा बिघडतेही तिथेच.

हे प्लास्टिक म्हणजे बहुधा पॉलिप्रॉपिलीन; त्याच्या साखळ्यांत फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतो. धातूशी बंध जुळावा असं त्यात जवळपास काहीच नाही. त्याची पृष्ठऊर्जा सेंटिमीटरला ३० डाइनच्या आसपास. म्हणून फिल्म उच्च दाबाच्या विद्युत विसर्गाखालून, म्हणजे कोरोनाखालून, नेतात. त्याने पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट तयार होतात आणि आकडा ३८ ते ४२ पर्यंत चढतो. पुढे निर्वात कक्षात अ‍ॅल्युमिनियमची वाफ फिल्मवर बसते, तेव्हा धातू या ऑक्सिजनला धरतो.

मग कोरोनाचा जोर आणखी वाढवला तर पकडही वाढेल, असं वाटणं साहजिक आहे. होतं उलटं. अतिमाऱ्याने साखळ्या तुटतात आणि पृष्ठभागावर आखूड तुकड्यांचा सैल थर साचतो. धूळ न झटकता भिंतीला रंग द्यावा तसा धातू त्या थरावर बसतो. पृष्ठऊर्जा तपासायची डाइनची शाई मात्र छान पसरते, कारण तिला त्या तुकड्यांतलाही ऑक्सिजन भेटतो. चिकटण्याच्या शास्त्राचे अभ्यासक जे. जे. बिकरमन यांनी अशा दुबळ्या सीमाथरांवर बोट ठेवलं होतं. सांधा दोन पदार्थांच्या नेमक्या सीमेवर क्वचितच तुटतो, बाजूच्या अशक्त थरातून तुटतो, असं त्यांचं म्हणणं. ते सरसकट मान्य झालं नाही, पण या फिल्मला ते चपखल लागू पडतं. फिल्म सरकती राहावी म्हणून घातलेली एरुकामाइडसारखी द्रव्यं पृष्ठावर येऊन असाच दुबळा थर घडवतात.

एबीएस प्लास्टिकसारखा पृष्ठभाग खरवडून खाचा का पाडू नयेत, असा प्रश्न येईल. एबीएसवरचा क्रोम-मुलामा मायक्रोमीटरांत मोजावा इतका जाड असतो, खाचा भरून काढतो. ४० नॅनोमीटरच्या थराला तशा खाचांवर भोकं पडतील आणि प्राणवायूला वाट मिळेल. शिवाय एबीएस कोरायला वापरलं जाणारं क्रोमिक आम्ल षट्संयुजी क्रोमियमचं, म्हणजे कर्करोगकारक. तो मार्ग इथे आणूच नये.

इतका घट्ट धातू पुनर्वापराला अडथळा ठरतो, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. १८ मायक्रॉनच्या फिल्मवर ४० नॅनोमीटर अ‍ॅल्युमिनियम वजनाने एक टक्काही भरत नाही. मोठी अडचण आहे ती वेगवेगळी प्लास्टिकं एकत्र चिकटवण्याची.

अतिमाऱ्यानंतरही शाई छान पसरते, म्हणून फिल्म घेणाऱ्यांनी डाइनच्या आकड्यावर समाधान मानू नये. धातू चढवलेल्या नमुन्यावर टेप लावून ओढावी, आणि धातू निघाला तर त्याच्या पाठीला प्लास्टिकचा अंश आहे का, तेही प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं.