आकड्यामागचे शून्य

अतिदक्षता विभागातील मॉनिटरवर उमटणाऱ्या आकड्यावर आपण डॉक्टर सहज विश्वास ठेवतो. काचेपलीकडे उभे असलेले नातेवाईकही तोच आकडा वाचत असतात. भूलतज्ज्ञ या नात्याने माझा त्याच्याशी रोजचा संबंध. तो कसा तयार होतो आणि त्याचा खरेपणा कसा पारखावा, हे सभासदांपुढे थोडक्यात मांडतो.

स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घोडीच्या धमनीला काचेची उभी नळी जोडून रक्त किती उंच चढते ते मोजले होते. आज धमनीतील दाब द्रवाने भरलेल्या नळीतून ट्रान्सड्यूसरच्या पातळ पडद्यापर्यंत पोहोचतो. पडदा वाकला की त्यावरील विद्युतरोध बदलतात आणि व्हीटस्टन ब्रिजचा समतोल ढळतो. प्रचलित ट्रान्सड्यूसर दर व्होल्टला, दर मि.मी. पाऱ्यामागे ५ मायक्रोव्होल्ट देतो. म्हणजे ५ व्होल्टचा पुरवठा असता १०० मि.मी. दाबाला मिळतात केवळ अडीच मिलिव्होल्ट! हा क्षीण संकेत गाळून, वाढवून आकड्यात रूपांतरित करणे हे मॉनिटरमधील अँप्लिफायरचे काम.

येथे चूक दोन प्रकारे शिरते. पहिली शून्याची. शून्य ८ मि.मी.ने सरकले, तर प्रत्येक वाचनात ८ची भर पडते. धमनीचा सरासरी दाब ७० ऐवजी ७८ दिसेल, तर मध्यवर्ती शिरेतील दाब ४ ऐवजी १२. ज्याला सलाइनची गरज असू शकते, त्याचे सलाइन आपण अशा वेळी आखडते घेऊ. दुसरी चूक प्रमाणाची. ती ५ टक्के असेल तर १०० चे १०५ होतात, पण १० चे साडेदहाच. म्हणून शिरेतील अल्प दाब मोजताना शून्याला फार महत्त्व.

शून्य साधण्यासाठी ट्रान्सड्यूसर हवेला खुला करून मॉनिटरला ‘हेच शून्य’ असे सांगावे लागते. मात्र त्याने प्रमाणातील दोष कळत नाही, कारण शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच उरते. त्यासाठी ५०, १००, २०० असे ज्ञात दाब देऊन वाचन ताडून पाहावे. एकदाच वापरावयाचे ट्रान्सड्यूसर कारखान्यातूनच जुळवून येतात. मॉनिटरची तपासणी मात्र अभियंत्याकडून नियमित व्हावी, असा माझा आग्रह असतो.

पातळीचा विषय याहून वेगळा. ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीत, चौथ्या बरगडीअंतरात, छातीच्या मध्यकक्षीय रेषेवर हवा. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्याने १३.६ सें.मी.चा फरक म्हणजे १० मि.मी.ची चूक. स्टँडवरचा ट्रान्सड्यूसर तिथेच राहून खाट उचलली गेली, तर दाब खोटाच वाढलेला दिसतो. खाट हलली की पातळी पुन्हा पाहावी.

घरी रक्तदाब मोजणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. दंडावरील पट्टा हृदयाच्या पातळीत असावा. हात खाली लोंबत असेल तर आकडा वाढतो आणि विनाकारण गोळी वाढण्याचा संभव असतो.

यंत्र आपल्याला जे सांगते ते त्याच्या शून्यापासून मोजून सांगते. ते शून्य योग्य जागी आहे ना, हे पाहण्याचे कर्तव्य मात्र आपले आहे.