बुजलेला रोमन खंदक शोधतात कसा? तुमच्या फोनमधल्या सेन्सरच्या मोठ्या भावांची गोष्ट

खंदक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर किल्ला येतो. पण समजा तो खंदक पूर्ण बुजलाय, वर गहू डोलतोय आणि खाली काय आहे याचा पत्ताच नाही. मग तो शोधायचा कसा? आणि बुजलेल्या खड्ड्यात बघण्यासारखं असतं तरी काय? चला, सोप्या भाषेत समजून घेऊ.

उदाहरण घेऊया इंग्लंडमधल्या केंट भागातल्या रिचबरोचं. इ.स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या सैन्याने ब्रिटनवर स्वारी केली. किनाऱ्यावर उतरल्यावर त्यांनी तळाच्या रक्षणासाठी दोन समांतर खंदक खणले आणि आतल्या बाजूला मातीचा बांध घातला. थोड्याच काळात त्यांची गरज संपली. खंदक बुजवले गेले आणि तिथे लष्करी रसदीची कोठारं उभी राहिली. विसाव्या शतकातल्या उत्खननात ते पुन्हा उजेडात आले.

न खोदता कसं कळतं?

१. पिकावरून: खंदकात भरलेली माती खोल असते आणि ओल धरून ठेवते. म्हणून त्याच्यावरचं पीक जास्त उंच आणि हिरवं राहतं. २०१८ च्या कडक उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये अशा हिरव्या रेघा विमानातून आणि ड्रोनमधून ठिकठिकाणी दिसल्या.

२. लायडार: विमानातून लेझरचे किरण सोडून जमिनीचा चढउतार मोजतात. खंदकाची जागा थोडीशी जरी खचलेली असेल तरी नकाशावर दिसते. आयफोन १२ प्रोमध्येही लायडार आहे, पण त्याचा पल्ला जेमतेम ५ मीटर.

३. मॅग्नेटोमीटर: हा मला सगळ्यात भारी वाटतो. वरच्या मातीतले लोहाचे कण चूल, जाळ आणि जिवाणूंमुळे जास्त चुंबकीय झालेले असतात. ही माती खंदकात साचली की आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वेगळी 'दिसते'. हा फरक अनेकदा अवघ्या काही नॅनोटेस्लाचा असतो, तर पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र ब्रिटनमध्ये जवळपास ५०,००० नॅनोटेस्ला! तुमच्या फोनच्या कंपासमध्येही मॅग्नेटोमीटर असतो. मी सेन्सर ॲप उघडून फोन लोखंडी कपाटाजवळ नेला, तर आकडा लगेच उडाला. पण खंदकाचा बारीक फरक पकडणं फोनच्या आवाक्याबाहेरचं आहे. त्याला खास यंत्र लागतं.

मग खोदतात कसं?

सगळा खंदक सहसा उपसत नाहीत. ठरावीक अंतरावर त्याला आडवा छेद देतात, जसा केक कापल्यावर थर दिसतात तसा. तळाशी असते पहिल्या पावसात बाजूंची ढासळलेली माती. त्यावर हळूहळू साचलेला गाळ. आणि सगळ्यात वर, कोणी मुद्दाम बुजवला असेल, तर एकदम टाकलेला भराव. प्रत्येक थराला नंबर मिळतो, फोटो आणि मोजमाप होतं, जागा जीपीएसने नोंदवली जाते. शेकडो फोटो जोडून थ्रीडी मॉडेलही बनवतात. हे काम तर साध्या फोनच्या कॅमेऱ्यानेही जमतं.

काळ ठरतो थरातल्या वस्तूंवरून. थरात क्लॉडियसचं नाणं मिळालं, तर तो थर ते नाणं पाडल्यानंतरचाच, आधीचा असूच शकत नाही. दक्षिण गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्समधून येणाऱ्या चकचकीत लाल भांड्यांवर बऱ्याचदा कुंभाराच्या नावाचा शिक्का असतो. त्यावरून काळ आणखी नेमका सांगता येतो.

खरा खजिना कोणता?

फोटोसोबत फोनमध्ये तारीख आणि ठिकाण सेव्ह होतं ना? त्याला मेटाडेटा म्हणतात. खंदकातल्या नाण्याचा मेटाडेटा म्हणजे तो थर. रात्री गुपचूप मेटल डिटेक्टर घेऊन कोणी ते नाणं उकरून नेलं, की नाणं उरतं, पण खंदक कधी बुजला हे सांगणारा पुरावा जातो. इथे 'अनडू' बटण नाही. खरं तर शास्त्रशुद्ध उत्खननातही थर नष्टच होतो. फरक इतकाच, की जाताना त्याची संपूर्ण नोंद मागे राहते.

हे आपल्यालाही लागू होतं बरं का. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली आणि रोमन जगाशी आपला व्यापार होता हे कळायला मदत झाली. ती नुसती भंगारवाल्याकडे पोचली असती तर?

म्हणून गडावर, शेतात किंवा पायाच्या खोदकामात जुनं नाणं किंवा मूर्ती दिसली, तर उकरू नका. आहे तिथेच फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. सेन्सर छोटा असला, तरी इथे तुमचा फोन खूप मोठं काम करतो.