परतीची मुदत

माझ्या दुकानाच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं असतात. एक चालू वर्षाचं आणि त्याच खिळ्याला मागे गेल्या वर्षाचं. जुनं काढून टाका की, असं कोणीतरी दर महिन्याला सांगतं. काढून कसं चालेल? फेब्रुवारीत समोर बसलेल्या माणसाला ऑगस्टपासूनचे दिवस मोजून द्यायचे असतात. पासपोर्टवरचा शिक्का बघायचा, त्या तारखेवर बोट ठेवायचं आणि पानं उलटत पुढे यायचं. दुबईचा व्हिसा असेल तर सहा महिन्यांच्या आत बसतंय का, एवढाच प्रश्न. विमानातून उतरला तो दिवस धरायचा की सोडायचा, यावर मात्र हमखास वाद होतो.

संगमेश्वरात झेरॉक्स, पासपोर्टचे फॉर्म, वारसनोंदीचे अर्ज असली कामं करताना वीसेक वर्षं सरली. कसबा, फुणगूस, कडवई या बाजूच्या कितीतरी घरांचा एक पाय पाण्यापलीकडे असतो. त्यांचे कागद हाताळताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. परक्या देशात राहण्याचा हक्क गमावणारा माणूस तिथे काही गुन्हा करून बसलेला असतो असं फार थोडं. बहुतेकांचा हक्क जातो तो इथे, स्वतःच्या घरात, जास्त दिवस राहिल्यामुळे. आई अंथरुणाला खिळली, बहिणीचं लग्न लांबलं, पावसाने भिंत घेतली. मग गेलेला हक्क परत मिळवायची धावपळ. ही धावपळ आखाताने शिकवली असं आपण समजतो, पण ती त्याच्या कितीतरी आधीची आहे.

तेव्हाच्या रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून केपटाउनला जाऊ लागले. नाताळ वसाहतीतल्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये गेले, तसे हे कराराने गेले नाहीत. पदरचं तिकीट काढून गेले. भाजी-फळांची फेरी, दुकानातली नोकरी, नाहीतर मिळेल ती अंगमेहनत. बायकामुलं गावी. काही वर्षांनी यायचं, घर शाकारायचं, कोणाचं लग्न उरकायचं, पुन्हा जायचं. १९०२ मध्ये केप वसाहतीने कायदा केला की नव्याने येणाऱ्याला एखाद्या युरोपीय भाषेत लिहिता आलं पाहिजे. १९०६ च्या कायद्यात यिद्दिश ही युरोपीय भाषा मानली गेली, त्यामुळे पूर्व युरोपातून येणाऱ्या ज्यूंची सोय झाली. उर्दूत पत्र लिहिणारा आणि मराठीत हिशेब ठेवणारा आमच्याकडचा माणूस त्या कायद्यापुढे निरक्षरच राहिला.

जो आधीपासून तिथे राहत होता त्याला गावी जाऊन यायचं असेल तर परमिट घ्यावं लागे. फी एक पौंड. परमिटावर फोटो, अंगठ्यांचे ठसे, उंची, अंगावरच्या खुणा. कपाळावर व्रण, डाव्या हाताच्या बोटाला इजा, असलं वर्णन. माणूस तोच, हे पटवायला त्याच्या अंगावरच्या जखमाच कामी येत. त्या काळच्या फायली केपटाउनच्या रोलंड स्ट्रीटवरच्या दप्तरखान्यात, जुन्या तुरुंगाच्या जागेत, आजही जपलेल्या आहेत. उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी त्या वाचून काढल्या आणि त्यावर लिहिलं. त्या मणिलाल गांधींची नात, म्हणजे महात्मा गांधींची पणती. ज्या आजोबा-पणजोबांनी तिकडच्या परमिटांशी झगडा केला, त्यांच्याच घरातल्या बाईंनी त्या परमिटांचा इतिहास लिहावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

परमिट म्हणायला जाण्याचं, पण खरं ते परत येण्याचं होतं. त्यावरची तारीख टळली की वर्षानुवर्षं तिथे राबलेला माणूससुद्धा बंदरावर नवखा ठरायचा आणि नवख्याला ती युरोपीय भाषेची परीक्षा. १९१३ च्या कायद्याने दक्षिण आफ्रिकेचे चारही प्रांत एका नियमाखाली आले. बाहेर जाणाऱ्यासाठी ओळखीचा दाखला निघाला, मुदत फार तर तीन वर्षं. हिंदुस्थान आणि दक्षिण आफ्रिकेच्या सरकारांमधल्या १९२७ च्या केपटाउन करारानंतर ही तीन वर्षं आणखी घट्ट झाली. सलग तीन वर्षं बाहेर राहिलेल्याचा तिथला अधिवास संपला. त्याच करारात हिंदुस्थानात कायमचं परत जाणाऱ्याला २० पौंड बक्षिसी होती, मुलाला १०. मन बदललं तर तीन वर्षांच्या आत बक्षिसी आणि प्रवासखर्च सरकारला परत करून पुन्हा यायची सवड होती. गावी येऊन वीस पौंड खर्चून बसलेल्याने ते कुठून परत करायचे, हे करारात कुठे लिहिलेलं असणार!

तीन वर्षं म्हणजे पुष्कळ, असं ऐकणाऱ्याला वाटतं. कोकणातली तीन वर्षं मात्र तीन वर्षं भरत नाहीत. तेव्हा इथून मुंबईला जायचं तर शास्त्री नदीतून होडीने जयगडपर्यंत आणि तिथून आगबोट. आगबोटी पावसाळ्यात बंद. ज्याची मुदत भाद्रपदात संपायची, त्याला वैशाखातच घर सोडावं लागे, नाहीतर बैलगाडीने साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं आणि पुढे आगगाडी. म्हणजे मुदतीतले चार महिने पाऊसच खाऊन टाकायचा. पुढे मुंबईहून जहाज कधी मिळेल तो नशिबाचा भाग. दोन महायुद्धांत तर उतारूंना जहाजं मिळेनात. केपटाउनच्या टेबलावर बसलेल्या अंमलदाराला आगोटीची घाई म्हणजे काय, हे कोण समजावणार? त्याच्यापुढे आलेल्या उशिराच्या अर्जात आजारपण असो की पाऊस, त्याला ती सबबच वाटायची.

मग लोकांनीही वाटा शोधल्या. सोळा वर्षांखालच्या मुलाला बापाकडे जाता येत असे, तर पुतण्या, भाचा, शेजाऱ्याचा पोरगा मुलगा म्हणून कागदावर चढला. अंमलदार बापाला वेगळा, पोराला वेगळा घेऊन विचारत: घराला दारं किती, विहीर कोणत्या अंगाला, आजी जिवंत आहे का. त्यात खरे मुलगेही अडकत. सात वर्षांच्या पोराने बापाला एकदाच पाहिलेलं असेल, तर तो काय ओळखणार? १९५३ मध्ये ती दारंही लागली. दक्षिण आफ्रिकेने तिथल्या हिंदी लोकांच्या गावी राहिलेल्या बायकामुलांना येण्यास मनाई केली. आपल्या सरकारनेही १९४६ पासून त्या देशाशी व्यापार तोडलेला, आणि पुढे कित्येक वर्षं भारतीय पासपोर्ट दक्षिण आफ्रिका सोडून इतर देशांसाठी चाले. संबंध पुन्हा जुळले ते १९९३ मध्ये. मधल्या चाळीस वर्षांत जे नवराबायको दोन किनाऱ्यांवर राहिले, त्यांची मुदत कोणी मोजली नाही.

रत्नागिरीकरांना परतीची बंदी तशी नवी नव्हती. ब्रह्मदेशचा राजा थिबा तीस वर्षं रत्नागिरीत नजरकैदेत होता, १९१६ मध्ये इथेच गेला. कुटुंबाला १९१९ मध्ये परत जाऊ दिलं. थोरली राजकन्या मात्र रंगूनला जाऊन पुन्हा रत्नागिरीलाच आली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. परतायचं कुठे, हा प्रश्न तिने स्वतःपुरता सोडवून टाकला होता.

त्याच १९४७ चा एक विषय आमच्याकडे दबक्या आवाजात निघतो. कराची. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीला नोकरीला जाणं आणि मुंबईला जाणं यात कागदाच्या दृष्टीने काही फरकच नव्हता. बोटीचा प्रवास तेवढा लांबचा. फाळणी झाली तेव्हा जो जिथे कामाला होता तो तिथे राहिला. मग १९ जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून भारतात यायला परवाना लागू झाला. तात्पुरता परवाना निराळा, कायमचं परतण्याचा निराळा. घटनेच्या सातव्या कलमाने सांगितलं की १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेला माणूस भारताचा नागरिक धरला जाणार नाही. पुनर्वसनाच्या किंवा कायमच्या परतीच्या परवान्यावर आलेला तेवढा अपवाद. तात्पुरत्या परवान्यावर आपल्याच घरी आलेला माणूस त्या दिवसापासून पाहुणा झाला. या परवान्यांचा १९४९ चा कायदा तर नुसत्या संशयावरून हद्दपार करायची मुभा देत होता, मग तो नागरिक का असेना. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये इब्राहिम वजीर मावत विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात रद्द ठरवलं. तोवर कित्येक जण सीमेपार पोचले होते. ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पासपोर्ट सुरू झाला आणि उरलीसुरली ये-जा थंडावली.

माझ्या मते कोकणाच्या स्थलांतराचा सगळ्यात कडू भाग हाच आहे, केपटाउनपेक्षाही. तिकडच्या सरकारने परक्याला परकं म्हटलं. इथे सातबारावर नाव असलेला माणूस परका झाला. त्याचे वंशज आज भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्डही मागू शकत नाहीत, कारण आईवडील, आजोबा किंवा पणजोबा यांपैकी कोणीही पाकिस्तानचं नागरिक असेल तर ते मिळत नाही. त्याच्या मागे राहिलेल्या जमिनीला लागला तो शत्रू मालमत्तेचा कायदा १९६८ चा. २०१७ च्या दुरुस्तीने तर इथेच राहिलेल्या, भारतीय नागरिक असलेल्या वारसांचाही हक्क काढून घेतला.

विलायतेचं थोडक्यात सांगतो. कायम राहण्याची परवानगी मिळालेला माणूस सलग दोन वर्षांहून अधिक बाहेर राहिला की ती परवानगी जाते; परतीचा वेगळा व्हिसा मागून तिथे आपलं कोण आहे, काय आहे ते दाखवावं लागतं. २०१८ पासून विंडरश योजनेत १९७३ पूर्वी स्थायिक झालेल्या राष्ट्रकुलातल्या लोकांना अशी गेलेली परवानगी परत मागता येते. विंडरश म्हटलं की सगळे वेस्ट इंडीजचं नाव घेतात, पण त्यात भारतीयही बसतात, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. अमेरिकेच्या ग्रीनकार्डाला एका वर्षाची भीती.

आखाताने ही मुदत सहा महिन्यांवर आणली आणि ती आमच्या बोलण्यात मुरली. 'जाऊन पाय लावून ये,' असं आई मुलाला सांगते, म्हणजे नोकरी नसली तरी तिकडच्या मातीला पाय लावायचा आणि व्हिसा जिता ठेवायचा. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं तेव्हा पाय लावायला देशच उरला नाही. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय परत आले, त्यातले लाखभर अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी. पुढे जिनिव्हाच्या नुकसानभरपाई आयोगाने देश सोडावा लागल्याबद्दल माणशी २,५०० किंवा ४,००० डॉलर दिले, कुटुंबाला ५,००० किंवा ८,०००. पैसे मिळाले, पण इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, काही भरपाईत बसत नव्हता. कफिलाने, म्हणजे तिकडच्या जामीनदार मालकाने, पुन्हा बोलावलं तर जायचं.

मार्च २०२० ला विमानं बंद झाली, तेव्हा ही सगळी गणितं एकदम कोसळली. सुट्टीवर आलेला पोरगा कसब्यात अडकला आणि तिकडे त्याचे दिवस चालूच. सरकारांनी नियम सैल केले, पुन्हा आवळले; सकाळी एक खबर, संध्याकाळी दुसरी. त्या वर्षी माझं जुनं कॅलेंडर फाटून गेलं. जानेवारी २०२३ पासून अमिरातीने सहा महिने उलटलेल्यांसाठी पुन्हा प्रवेशाची वाट ठेवली आहे: कारण सांगा, पुरावा जोडा, दर तीस दिवसांना शंभर दिरहम दंड भरा. सौदीत मुदतीत न परतलेल्याला तीन वर्षं बंदी असायची, ती २०२४ च्या जानेवारीत उठली. केपटाउनने तीन वर्षं बाहेर राहायला दिली होती, सौदीने तीन वर्षं बाहेर ठेवलं. आकडा तोच.

उलटा प्रवासही माझ्याकडे येतो. लंडनचा पासपोर्ट घेतलेले आजोबा निवृत्तीनंतर इथे राहायला येतात. ओसीआयची घोषणा झाली तेव्हा दुहेरी नागरिकत्व मिळालं म्हणून लोकांनी पेढे वाटले होते. कार्डाने जन्मभर ये-जा करता येते, कितीही राहता येतं. मत देता येत नाही आणि हापूसची बाग विकत घेता येत नाही. वडिलांची वारसाने आली तर ठेवता येते. तलाठ्याकडे वारसनोंद घालताना आजोबा विचारतात, मग मी इथला रहिवासी ना? रहिवासी आहात, मी म्हणतो, मतदार नाही.

मे २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने एक निकाल दिला. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं म्हणून, परवानगी न विचारल्यापायी, १९९५ पासून ज्यांचं तिथलं नागरिकत्व आपोआप गेलं होतं, त्यांचं ते कधी गेलंच नव्हतं असं धरायचं. अर्ज नाही, दंड नाही, पुरावा नाही. मी ती बातमी दोनदा वाचली.

गेल्या फेब्रुवारीत अमिरातीत नोकरीला असलेला एक जण पासपोर्ट घेऊन आला. ऑगस्टात आलेला, सप्टेंबरच्या पावसात घराची मागची पडवी बसली, बांधकाम आवरेपर्यंत राहिला. दोन्ही कॅलेंडरं टेबलावर घेतली. माझे झाले एकशे ब्याऐंशी, त्याच्या वडिलांचे एकशे त्र्याऐंशी, कारण त्यांनी उतरल्याचा दिवस धरला. कसंही मोजा, मुदत गेली होती. दंडाचं त्याला फार काही वाटलं नाही. कारणाला पुरावा लागेल म्हटल्यावर त्याने पिशवीतून तलाठ्याचा पंचनामा काढला. पडवी, वासे, किती कौलं फुटली, सगळं व्यवस्थित लिहिलेलं, खाली पंचांच्या सह्या.

"हा चालेल ना?"

पंचनामा मराठीत होता. मी म्हटलं, इंग्रजी किंवा अरबी लागेल. त्याने वडिलांकडे पाहिलं, आणि मी कॅलेंडरं परत खिळ्याला लावून इंग्रजीत टाइप करायला बसलो.