खाजणात मुरलेलं तेल

गोव्यातल्या मोरजीहून परतलेल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. मे महिन्यात किनाऱ्यावर खेळताना मुलाच्या तळपायाला डांबराचा गोळा चिकटला. खोबरेल चोळून चोळून तो निघाला. दोन दिवसांनी पाहिलं तर वाळू लख्ख! 'मग ते तेल गेलं कुठे?' असं त्या विचारतात.

वाळूवरचे गोळे कुणी उचलतं, काही लाटा गाडून टाकतात. पण सांडलेल्या तेलाचा खरा हिशेब खाडीच्या गाळात मांडावा लागतो. मॅक्स ब्लूमर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने तो मांडून दाखवला, आणि त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

१६ सप्टेंबर १९६९ रोजी 'फ्लोरिडा' नावाची तेलवाहू बार्ज अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट फालमथजवळ खडकांवर चढली. साडेसहा-सात लाख लिटर तेल सांडलं. डिझेलच्या जातीचं, तिकडे घरं ऊबदार ठेवायला जाळतात ते. ब्लूमर ज्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेत काम करत, ती तिथून जवळच. तवंग थोड्या दिवसांत दिसेनासा झाला, तरी ब्लूमर गाळाचे नमुने काढत राहिले आणि त्यात तेल सापडत राहिलं. सांडलेलं तेल काही आठवड्यांत विरून जातं, असं तेव्हा सर्रास मानलं जाई.

पण गाळातलं तेल जहाजाचंच कशावरून? कांदळाच्या पानावर बोट फिरवून पाहा. तो तुकतुकीतपणा मेणाचा. या मेणातही तेलासारखेच हायड्रोकार्बन असतात, आणि पानं कुजली की तेही गाळात उतरतात. फक्त त्यात २७, २९, ३१ अशा विषम कार्बनसंख्येच्या साखळ्या जास्त असतात. खनिज तेलात सम-विषम असा भेद जवळपास नसतो. प्रिस्टेन नावाच्या हायड्रोकार्बनची गोष्ट तर आणखी सुरस. शार्कच्या यकृताच्या तेलात ते मिळालं, म्हणून नावही शार्कच्या लॅटिन नावावरून पडलं. ब्लूमर आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवलं की कोपेपॉड नावाचे तांदळाच्या कणीएवढे समुद्री जीवही ते बाळगतात. हरितद्रव्याच्या रेणूचं शेपूट पचवून ते त्याचं प्रिस्टेन करतात. हेच प्रिस्टेन खनिज तेलातही असतं! म्हणूनच 'गाळात इतके मिलिग्रॅम हायड्रोकार्बन' एवढ्या एका आकड्यावर माझा विश्वास बसत नाही.

हेच प्रिस्टेन तपासाला उपयोगीही पडतं. ताटात सुरमई आणि काटेरी भिंग दोन्ही वाढा. आधी सुरमई संपते. तेल खाणाऱ्या जिवाणूंचंही तसंच. सतरा कार्बनांची सरळ साखळी त्यांची सुरमई, फांद्या फुटलेलं प्रिस्टेन म्हणजे भिंग. दोन्ही साधारण एकाच वेगाने उडून जातात. म्हणून साखळी घटली आणि प्रिस्टेन उरलं, तर पंगत बसली होती हे नक्की.

ऑगस्ट २००० मध्ये संशोधक ख्रिस रेड्डी आणि सहकाऱ्यांनी वेस्ट फालमथच्या खाजणातून गाळाचा उभा स्तंभ काढला. वरचे सहा सेंटिमीटर स्वच्छ. त्याखाली अठ्ठावीस सेंटिमीटरपर्यंत १९६९ चं तेल! सरळ साखळ्या संपल्या होत्या, प्रिस्टेन शिल्लक होतं. त्या काळ्या, कुजक्या अंड्याचा वास मारणाऱ्या चिखलात प्राणवायू पोचत नाही, त्यामुळे पंगत अर्ध्यावरच उठली होती.

गोव्याच्या डांबरगोळ्यांचं मूळ शोधायला दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही अशीच रासायनिक ठशांची पद्धत वापरली आहे. पण ठसा जुळवायला आधीची नोंद हाताशी लागते. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली आणि तेल कांदळवनात शिरलं. अशा प्रत्येक खाडीत, काहीही सांडलेलं नसताना, दरवर्षी नळी खुपसून गाळ काढून ठेवायला हवा. अपघातानंतर केवळ वरची वाळू पाहून 'किनारा स्वच्छ' असं जाहीर करणं मला मान्य नाही.

वेस्ट फालमथच्या त्या खाजणात एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे राहतात. अपघाताला साडेतीन दशकं उलटल्यावर संशोधकांनी त्यांची बिळं मापली. स्वच्छ चिखलातल्या बिळांपेक्षा ती निम्म्याहून उथळ भरली. खेकडा नेहमीसारखा खाली खणत जातो, आणि तेलाचा थर लागला की बीळ तिथेच थांबवतो.