रक्तातला क्रोध आणि कर्त्याचे उत्तरदायित्व

विवेक हरपून टाकणारा वंशपरंपरागत क्रोध हा विज्ञानसाहित्यातील परग्रहवासी जमातींच्या चित्रणात वारंवार आढळणारा विशेष आहे. या कल्पनेचा एक पूर्वज उत्तर युरोपातील ‘बर्सेर्कर’ योद्ध्यांच्या कथांत सापडतो. तेराव्या शतकातील आइसलंडच्या ‘एगिलच्या सागा’त हा आवेश क्वेल्डुल्फकडून त्याचा पुत्र स्कालाग्रिम याच्याकडे आलेला दिसतो. सूर्यास्तानंतर स्कालाग्रिमच्या अंगात बळ संचारते आणि चेंडूच्या खेळात तो आपल्या मुलाच्या, एगिलच्या, सोबत्याला ठार करतो. एगिल वाचतो तो दासी मध्ये पडल्यामुळे. ती मात्र प्राणाला मुकते. त्याच रात्री एगिल बापाच्या मर्जीतल्या कारभाऱ्याला मारतो आणि तो संपूर्ण हिवाळा बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. क्रोध रक्तातून आला, तरी त्याचा हिशेब घरातच चुकवावा लागतो.

हाच आदिबंध अधिक काटेकोरपणे तपासणारी कृती म्हणजे ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील ‘अमोक टाइम’ हा भाग. तो थिओडोर स्टर्जन यांनी लिहिला आणि १५ सप्टेंबर १९६७ रोजी प्रथम प्रक्षेपित झाला. शीर्षकातील ‘अमोक’ हा शब्द मूळ मलय भाषेतला असून तो बेभान हिंसेचा वाचक आहे. व्हल्कन ही जमात तर्कनिष्ठेसाठी प्रसिद्ध. परंतु विवाहकाळी तिच्या रक्तात ‘प्लाक टाऊ’ नावाचा ज्वर चढतो व वाचाही लोपते. स्पॉकची आई मानव असल्याने आपण या वारशातून सुटू, अशी त्याला आशा होती. ती फोल ठरते.

कथेचे खरे मर्म मात्र ज्वर न चढलेल्या पात्रात आहे. स्पॉकची नियोजित वधू टी’प्रिंग हिला स्टॉन हवा आहे. द्वंद्वाचा हक्क बजावताना ती स्टॉनला वगळून स्पॉकचा मित्र कर्क याला पुढे करते. कर्क जिंकला तर तो तिला स्वीकारणार नाही. स्पॉक जिंकला तर मित्रहत्येनंतर तोही तिला मुक्त करील. दोन्ही परींनी स्टॉन तिचाच. येथे शस्त्र उन्मत्ताच्या हाती असले, तरी योजना थंड डोक्याची आहे. कर्क आपल्या हातून मेला, या समजुतीनेच स्पॉकचा ज्वर उतरतो. कर्क प्रत्यक्षात जिवंत आहे, हे ठाऊक नसताना स्पॉक स्वतःला अटकेसाठी हजर करतो. वारशाची सबब त्याला उपलब्ध होती; ती त्याने घेतली नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रातील रौद्ररसाचे विवेचन येथे उपयुक्त ठरते. भरताने रौद्राचा संबंध राक्षस, दानव व उद्धत मनुष्य यांच्या प्रकृतीशी जोडला आहे; त्याच वेळी हा रस इतरांतही असतो, असेही मान्य केले आहे. या दुसऱ्या विधानामुळे ‘स्वभावतः क्रोधी’ ही कोटी बंदिस्त राहत नाही. स्टर्जन यांची कथाही याच दिशेने जाते: जमातीची प्रकृती व्यक्तीचे वर्तन समजावून देते, पण तिचा निवाडा करीत नाही.

कल्पित ग्रहावरील हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. ब्रिटिश राजवटीत १८७१ पासून सुरू झालेल्या व पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शिक्का मात्र पुसला गेला नाही, याची साक्ष लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) देते. तेथे दोष रक्तात नव्हता, तो रक्तात आहे असे ठरविणाऱ्या लेखणीत होता. म्हणूनच एखाद्या जमातीला उपजत क्रोध बहाल करणारी विज्ञानकथा वाचताना अभ्यासकाने दोन प्रश्न विचारावेत. क्रोध चढलेल्या व्यक्तीला कथा निवडीचा एखादा क्षण देते काय? आणि त्या क्रोधाचा लाभ शांतपणे कोण उठवतो? ज्या कथेत या दोहोंना स्थान नाही, तेथे वारसा हे केवळ शिक्क्याचेच दुसरे नाव ठरते.