वाटपाचा दावा : साक्षीपुराव्याआधीच घोडे कुठे अडते?

जळकोट : समजा, तालुक्यातल्या एका गावात वडिलोपार्जित शेती आहे. एक भाऊ गावात, दुसरा पुण्यात, तिसरा हैदराबादला. उदगीरला सासरी असलेली बहीण आपला वाटा मागते. बोलणी फिसकटतात आणि ती कोर्टात दावा दाखल करते. वर्ष सरते, पण एकाही साक्षीदाराची साक्ष झालेली नसते. मधल्या काळात कोर्टात काय चालते? तारखा कशासाठी पडतात? समजून घेऊया.

दावा कोणत्या कोर्टात, कोणत्या न्यायाधीशाकडे?

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १६ नुसार जमीन जिथे, दावा तिथल्या कोर्टात. त्यामुळे भाऊ हैदराबादला असला तरी दावा जळकोट तालुक्यासाठी अधिकार असलेल्या कोर्टातच चालतो. तो कनिष्ठ स्तराकडे जाणार की वरिष्ठ स्तराकडे, हे दाव्याच्या मूल्यावर ठरते. एकाच ठिकाणी अनेक न्यायाधीश असतील तर कामकाज वाटपाच्या आदेशानुसार दावा एकाकडे जातो. पक्षकाराला न्यायाधीश निवडता येत नाही. सबळ कारण असेल तर कलम २४ खाली दावा दुसरीकडे वर्ग करण्यासाठी जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात अर्ज करता येतो.

पहिला अडथळा : समन्स

प्रत्येक प्रतिवादीला समन्स मिळाल्याशिवाय दावा पुढे सरकत नाही. गावातल्या भावाकडे बेलीफ जातो. पुणे, हैदराबादचे समन्स तिथल्या कोर्टामार्फत पाठवता येते. पत्ता जुना निघाला की समन्स तामील न होता परत येते आणि नवी तारीख पडते. समन्स असे परत आल्यावर वादीने सात दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज केला नाही, तर त्या प्रतिवादीविरुद्धचा दावा फेटाळला जाऊ शकतो. वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार पक्षकार असावे लागतात. एक नाव गळाले की पूर्ण दावाच अडचणीत येतो.

कैफियत : ३० दिवस, फार तर ९०

समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिवादीने लेखी कैफियत द्यायची असते. कारणे नोंदवून कोर्ट ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपवादात्मक परिस्थितीत ९० दिवसांनंतरही कैफियत घेता येईल, असे स्पष्ट केले. मात्र हा अपवाद आहे, नियम नव्हे. कैफियत आलीच नाही तर कोर्ट तिच्याविना पुढे जाऊ शकते.

‘निशाणी ५’ म्हणजे काय?

दावा चालू असताना भावाने जमीन विकली तर? ते रोखण्यासाठी दाव्यासोबत तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज देतात. महाराष्ट्रातल्या कोर्टांत तो ‘निशाणी ५’ म्हणून ओळखला जातो. प्रतिवादीला नोटीस न देता मनाई मिळाली असेल, तर त्या अर्जाचा ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न कोर्टाने करावा, असे संहिता सांगते. या अर्जावरच युक्तिवाद लांबला की मूळ दावा मागे पडतो.

तडजोड आणि मुद्दे

दोन्ही बाजू कागदावर आल्या की कोर्ट कलम ८९ खाली तडजोडीची शक्यता पाहते. प्रकरण मध्यस्थीकडे किंवा लोकअदालतीकडे जाऊ शकते. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. जमले नाही तर न्यायाधीश ‘मुद्दे’ काढतात. जमीन वडिलोपार्जित आहे का, आधी वाटणी झाली होती का, असे वादाचे नेमके प्रश्न तिथे ठरतात. साक्षीपुरावा सुरू होतो तो यानंतरच.

मग मुदत किती?

न्या. एम. जगन्नाथ राव समितीने दाव्यांचे गट पाडून मुदती सुचवल्या होत्या. प्रतिवादी हजर झाल्यापासून वाटपाचे दावे २४ महिन्यांत निकाली निघावेत, असे या नमुना नियमांत आहे. घड्याळ सुरू होते ते प्रतिवादी हजर झाल्यावर. समन्समध्ये गेलेला काळ त्यात धरलेलाच नाही!

हे लक्षात ठेवा

• दावा दाखल करतानाच सर्व हिस्सेदारांचे सध्याचे पत्ते द्या. सातबारा, फेरफार, वारसांची माहिती आधी गोळा करा.

• पक्षकाराचा मृत्यू झाला तर ९० दिवसांत वारसांची नावे दाव्यात आणण्यासाठी अर्ज करा. नाहीतर त्याच्यापुरता दावा संपुष्टात येतो.

• दाव्याचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक वकिलांकडून घ्या. ई-कोर्ट्स ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि दावा कोणत्या टप्प्यावर आहे, हे मोबाइलवर दिसते. टप्पा ‘समन्स’वरच थांबलेला असेल तर लगेच वकिलांना विचारा.

• मालमत्तेच्या वादात महिलांना मिळणारी कोर्ट फीची माफी आता वैवाहिक बाबींतून उद्भवलेल्या वादांपुरती आहे. राज्य सरकारची मूळ अधिसूचना १ ऑक्टोबर १९९४ ची होती.

• महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.