संत्र्याला हवा असतो ताण

नागपूरच्या फळबाजारात काश्मीरची सफरचंदे आणि काटोल, नरखेड, वरूडची संत्री शेजारी शेजारी मांडलेली दिसतात. दोन्ही झाडांना फुलण्याआधी विश्रांती लागते, पण ती मिळण्याची रीत वेगळी. सफरचंदाचे झाड पाने गाळून हिवाळाभर झोपते. सुमारे 7 अंश सेल्सिअसखालच्या थंडीचे शेकडो तास मिळाल्याशिवाय बहुतेक जातींच्या कळ्या नीट उमलत नाहीत.

विदर्भात एवढी थंडी नसते. शिवाय संत्र्याचे झाड सदाहरित. ऊब आणि पाणी मिळत राहिले की ते नवी पालवीच काढत बसते. म्हणून बागायतदार काही आठवडे त्याचे पाणी तोडतात. यालाच ताण देणे म्हणतात. पाणी तुटले की वाढ थांबते, अन्न पालवीवर खर्च न होता फांद्यांत साठते आणि डोळे फुलांच्या तयारीला लागतात. पाने मलूल होऊन थोडी गळू लागली की बेताबेताने पाणी सुरू करतात. मग झाड फुलांनी भरते.

डिसेंबर-जानेवारीतल्या ताणाला थंडीचीही साथ मिळते. आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास फुलणारा हा आंबिया बहार. त्याची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात. मे महिन्यातल्या ताणानंतर मृगाच्या पावसावर फुलतो तो मृग बहार. त्याची फळे फेब्रुवारीपासून मिळतात.

ताण किती द्यायचा हे जमिनीवर ठरते. हलकी जमीन लवकर सुकते. भारी काळी जमीन ओल धरून ठेवते, तिथे जास्त दिवस लागतात. अतिताणाने फांद्या वाळतात. आणि ऐन ताणात अवकाळी पाऊस पडला, तर फुलांऐवजी पालवी फुटते. बहार हुकला की त्या हंगामाचे उत्पन्नही हुकते; झाडावरचा खर्च मात्र चुकत नाही. पाऊस मृगात ओढ देतो तेव्हाही हेच संकट उभे राहते.

फुलले म्हणजे फळ आले असे नाही. बहुतेक फुले आणि कोवळी फळे गळतात; झाड पोसता येईल तेवढीच ठेवते. पण पाणी साचले, मुळे कुजली किंवा कीड-रोग आला, तर मोठी झालेली फळेही गळतात.

ग्राहकाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. संत्र्याच्या सालीला केशरी रंग चढायला गार रात्री लागतात. त्यामुळे आंबियाचे सुरुवातीचे फळ हिरवट असले तरी आतून खाण्याजोगे असू शकते. मात्र तोडल्यानंतर संत्रे सफरचंदासारखे घरात पिकत नाही. आंबट निघाले तर ठेवून गोड होणार नाही. त्याची गोडी झाडावरच ठरलेली असते.